सातबारा तुमचा, जागल आमची. मग रात्रीची जीप कुणाची?

शेत ठोक्याने (वर्षाच्या ठरलेल्या भाड्याने) देऊन पुण्या-नागपूरला, अमरावती-अकोल्याला राहायला गेलेल्या आमच्या गावच्या सगळ्या शेतमालकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी लहानपणापासून काका, मामा, भाऊ असंच म्हणत आलोय. 'मालक' हा शब्द पाडव्याला ठोक्याचे पैसे मोजून देताना तेवढा तोंडात येतो. तुम्हीही "अरे, मालक कसला" म्हणून हसता आणि नोटा पुन्हा एकदा मोजून घेता. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. व्यवहार आहे. पण या वर्षी पैसे देण्याआधी थोडं बोलायचं आहे, आणि फोनवर सुरू केलं की तुमची मीटिंग निघते, म्हणून हे उघड पत्र.

माझी स्वतःची जमीन दीड एकर. बाकी सहा एकर तुमच्यातल्या दोघांची, एकरी अकरा हजाराने. म्हणजे बियाण्याची पिशवी फोडायच्या आधीच सहासष्ट हजार रुपये माझ्या घरातून गेलेले असतात. वऱ्हाडात माझ्यासारखे किती आहेत ते सरकारदरबारी कुठे लिहिलेलं नाही, कारण आमचं नावच कुठे लिहिलेलं नसतं. पण गावात पारावर उभे राहून चार दिशांना बोट करा, निम्मी वावरं करणारा एक आणि सातबाऱ्यावरचा दुसरा, असंच सापडेल.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट सांगतो. त्या आठवड्यात थ्री फेज विजेची पाळी रात्रीची होती. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावलेले. रात्री साडेबारा-एकला पाइप उचलून पुढच्या तासांवर (पिकाच्या ओळींवर) न्यायचे, कपडे ओले, हात बधिर, अशा वेळी पांदणीने, म्हणजे शेतरस्त्याने, एक जीप आली. गाडीवर सर्चलाइट. उजेडाचा झोत वावरावरून फिरला आणि धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडे डोळे चमकले, दहा-बारा जोड्या. हरणं. मग तो उजेड माझ्या तोंडावर आला आणि एकाने आवाज दिला, "कोण आहे रे तिकडे?"

ज्या वावराचे पैसे मी पाडव्यालाच भरलेले, तिथे मला कुणीतरी विचारत होतं, कोण आहे रे!

मी म्हटलं, शेतकरी आहे, पाणी देतोय. तर उत्तर आलं, "मालकाला विचारलंय आम्ही. तू तुझं पाणी दे." कुणाला विचारलं, कोणत्या मालकाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांच्या हातात काय आहे ते दिसल्यावर मीही विचारलं नाही. एक बार झाला. मी मोटरीच्या पेटीमागे बसून राहिलो. गाडी वावरातूनच वळवून निघून गेली.

सकाळी पाहिलं तर तीन पाइप चेपलेले, नोझल फुटलेलं, चाकाखाली हरभऱ्याची चौदा तासं आडवी. कुंपणाला बांधलेल्या साड्या एका ठिकाणी सुरीने कापलेल्या. (या साड्या माझ्या आईच्या आणि बायकोच्या. तुम्ही गाडीतून येताना "किती रंगीत दिसतं ना शेत" म्हणून फोटो काढता, त्याच.) धुऱ्यावर रक्त आणि मूठभर केस. बाकी सगळं ते घेऊन गेलेले.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली. कुणी कळवलं होतं माहीत नाही. मी कळवलं नव्हतं, हे कबूल करतो. त्यांचा पहिला प्रश्न, "हे वावर कोण करते?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बरोबरच होतं. सकाळी अकरापासून दिवेलागणीपर्यंत मी त्या कार्यालयाच्या बाकड्यावर होतो. कुणी दांडगाई केली नाही, दोन वेळा चहाही मिळाला. पण बंदूक कुणाची, मांस कुठे गेलं, तू रात्री तिथे काय करत होतास, हे पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, मालकाला फोन लावा. साहेबांनी लावला, स्पीकरवर. आणि तुमच्यातलेच एक काका म्हणाले, "साहेब, शेत मी ठोक्याने दिलेलं आहे. तिथे रात्री काय चालतं ते त्यालाच विचारा."

काकांचं नाव मी घेणार नाही. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

कारण त्याच वावराची पावसाळ्यातली गोष्ट वेगळी होती. ऑगस्टमध्ये सोयाबीन टोंगळ्याइतकं झालं होतं आणि रोह्यांचा (नीलगायींचा) कळप एका रात्रीत दीड एकर तुडवून गेला. जे उरलं त्यात रानडुकरं लोळली. जंगली जनावरांनी पिकाचं नुकसान केलं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा लागतो, मग पंचनामा होतो. मी धावत जाऊन फॉर्म आणला. त्यावर सातबारा लागतो, बँकेचं पासबुक लागतं, सही लागते, आणि ह्या तिन्ही गोष्टी तुमच्या. तिसऱ्या दिवशी काका आले, सही केली. पंचनाम्याच्या वेळी चिखलात उभं राहून तुडवलेलं झाड न झाड मी दाखवलं, कागदावर 'शेतकऱ्याचे नाव' म्हणून त्यांचं लिहिलं गेलं. पैसे दिवाळीनंतर त्यांच्याच खात्यात जमा झाले. मी एकदा विषय काढला. ते म्हणाले, "अरे, जमीन माझी आहे ना." दुसऱ्या मालकांनी मात्र, खरं ते सांगितलं पाहिजे, न मागता अर्धे पाठवले होते.

म्हणजे बघा. नुकसान मोजायचं असतं तेव्हा त्या वावरात मी नसतो. आणि गुन्हा शोधायचा असतो तेव्हा मीच असतो, एकटा.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. मोबाइल घेऊन बांधावर उभा राहून फोटो मी काढतो, खातं तुमचं, नाव तुमचं उमटतं. पीक विमा ठोक्याने करणाऱ्यालाही मिळू शकतो, पण नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो, आणि तो तुम्ही करून देत नाही. शेतकरी ओळख क्रमांक तुम्हाला मिळाला, तुमच्या मुलाला मिळाला, जो बंगळुरूला कॉम्प्युटरवर काम करतो. मला मिळाला तो माझ्या दीड एकरापुरता. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, केंद्र सरकारने जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही पीक विम्यात घेता येईल. ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसकट कळवायचं. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे ते राज्याने ठरवायचं आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्या ७२ तासांत तुडवलेल्या वावरात कोण उभं असणार आणि पॉलिसी कुणाच्या नावावर असणार, याचं उत्तर तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

आता माझ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसतं रडगाणं होईल.

दोन वर्षांपूर्वी भुईमूग केला होता. डुकरांनी सगळा उकरला. तेव्हा असेच चौघे आले होते, जीप नव्हती, मोटारसायकली होत्या, सोबत कुत्री आणि वाघूर (शिकारीचं जाळं). मी त्यांना अडवलं नाही. उलट डुकरं कोणत्या नाल्यात बसतात ते सांगितलं. सकाळी माझ्या दारात पिशवीत वाटा आला होता आणि तो मी परत केला नाही. त्या रात्री मला वाटलं होतं, बरं झालं, कुणीतरी माझं काम केलं. आमच्यापैकी कितीतरी जणांना असंच वाटतं. रात्र-रात्र पीक राखत जागल करून करून माणूस इतका थकतो की बंदुकीचा आवाज आला तरी कूस बदलून झोपतो.

पण शिकारी डुकरासाठी येतो आणि हरणावर थांबतो, हे नंतर कळलं. आणि बंदूक तरी बरी, आवाज होतो. तार वाईट. विजेच्या डीपीवरून नाहीतर खांबावर आकडा टाकून बिनआवरणाची तार खुंट्यांवरून वावराच्या कडेकडेने सोडतात, जमिनीपासून वीतभर उंच, आणि पहाटेच्या आत गुंडाळून नेतात. आमच्याकडे झटका मशीन असतं, बॅटरीवर चालतं, त्याचा धक्का बसतो आणि जनावर पळतं, मरत नाही. लोकांना दोन्ही तारा सारख्याच दिसतात. माझ्या शेजारी ठोक्याने करणाऱ्या भावाचा बैल पहाटे धुऱ्यावर गेला आणि तिथेच पडला, चारी पाय ताठ. तार कुणी लावली होती ते आजपर्यंत समजलं नाही. बैलाच्या जागी तो स्वतः असता तर? त्या दिवशी पाण्याची पाळी त्याचीच होती. अशा तारेने माणूस गेला की सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, आणि पहिला संशयित कोण, तर वावर करणारा.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. गावात शिकार झाली की लोक पहिलं बोट पारध्यांच्या बेड्याकडे (वस्तीकडे) दाखवतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने सुरू केलेला 'गुन्हेगार जमात' हा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, आमच्या डोक्यातून नाही. माझ्या वावरात आलेली जीप वीस लाखाच्या आतबाहेरची असेल. बेड्यावरच्या कुणाकडे तिच्या एका टायरचे पैसे नाहीत.

आणि हरणं? त्यांचा राग येतो, नाही असं नाही. हरभऱ्याचा शेंडा खुडला की फुटवे जास्त येतात, आम्ही बायकांना रोजाने लावून खुडणी करतो. एक कृषी सहायक गमतीने म्हणाले होते, तुमची खुडणी हरणं फुकट करतात की. हसू आलं, पण हरीण शेंड्यावर थांबत नाही. सोयाबीन दोन पानांवर असताना त्यांनी तोंड लावलं की ते झाड हंगामभर ठेंगणंच राहतं. गेल्या हंगामात माझा उतारा एकरी तीन क्विंटलवर आला. हमीभाव ५,३२८ रुपये होता, बाजारात त्याच्याही खाली विकलं. अकरा हजार ठोका, वर बियाणं, खत, फवारणी, सोंगणी. हिशोब तुम्हीच करा, तुमचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तरी काळवीट मारून हा प्रश्न सुटत नाही आणि कायदाही ते करू देत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकाचं नुकसान हे त्यांना मारायला कारण होऊच शकत नाही. माणसाच्या जिवावर बेतलं किंवा जनावर बरं होण्यापलीकडे आजारी-जायबंदी असलं तरच, तेही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने. बेकायदा मारलं तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि नव्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार दंड. आणखी एक कलम तुम्ही वकिलाला विचारून घ्या: कुणाच्या ताब्यात मांस किंवा कातडं सापडलं तर ते बेकायदाच आहे असं धरून चालतात, तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. आता विचार करा, जीपवाल्यांनी त्या रात्री मलाही एक पिशवी दारात ठेवली असती तर?

रोही आणि रानडुक्कर यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी पिकाचा सत्यानाश केला तर वनखात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी मागता येते. तो रस्ता आहे. पण अर्जाला पुन्हा सातबारा, पुन्हा तुमची सही. एखाद्याने मागितली तर "कशाला भानगडीत पडतो" म्हणून टाळता. आणि तिकडे साडूच्या मित्राने विचारलं, "तुमच्याकडे हरणं आहेत म्हणे?" की "आहेत ना, जा की, आपलंच शेत आहे," असं एका दमात सांगून मोकळे होता. कायद्याची सही देत नाही, बेकायद्याची तोंडी देता. हे तुमच्या लक्षातही येत नसेल. तुमच्यासाठी ते पाहुणचाराचं बोलणं आहे.

पिकनिकला येणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. या, हुरडा खा, पोरांना हरणं दाखवा. आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, अठरा चौरस किलोमीटरच्या वर, तिथेही न्या. काळवीट उडी मारतं तेव्हा माझंसुद्धा काम थांबतं, पाच मिनिटं. पण अभयारण्याची हद्द काळविटाला माहीत नसते. ते दिवसा तिथे आणि रात्री माझ्या वावरात. तुमच्या पाहुण्यांना जे दिसतं ते माझ्या सोयाबीनवर वाढलेलं आहे, एवढं ध्यानात असू द्या. शेजारच्या मध्य प्रदेशात शाजापूरकडे २०२५ साली हेलिकॉप्टरने हाकून काळवीट आणि रोही पकडले आणि जंगलात नेऊन सोडले. आमच्याकडे हेलिकॉप्टर येईल तेव्हा येईल. तोवर साड्या आहेत.

आता खरी अडचण बोलतो, जी तुम्ही कधी तोंडाने बोलत नाही. कागद का करत नाही? कुळाच्या भीतीने. मी ती भीती खोटी म्हणत नाही. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, तिकडे १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. विदर्भासाठी वेगळा कायदा १९५८ साली आला. तुमच्या आजोबांची काही वावरं तेव्हा गेली आणि माझ्या आजोबांना त्यातलं दीड एकर मिळालं. आज जे माझं आहे ते तिथूनच आलेलं आहे. त्यामुळे माझ्या घराण्याच्या कुणी कागद मागितला की तुमच्या पोटात गोळा येणारच. पण काका, मी कूळ म्हणून नाव लावायला मागत नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा केला, अकरा महिन्यांचा करार, त्यावर कसणाऱ्याला कार्ड मिळतं, कर्ज-विमा-भरपाई मिळते, मालकीला धक्का लागत नाही. तिथेही घोडं मालकाच्या सहीवरच अडतं, असं ऐकून आहे. म्हणजे कायदा कितीही चांगला आणला तरी शेवटी तुमच्याच दारात यावं लागतं. म्हणून कायद्याची वाट न पाहता आधीच येतोय.

तुमच्यातल्या कुणाला वाटेल, याला शेत जड झालंय, दुसऱ्याला देऊ. द्या. पुढच्या धुऱ्यावर तीन जण तयार आहेत, बारा हजारानेही घेतील. पण रोही त्यांच्याही वावरात येतील आणि पांदण तीच आहे. त्या पोरांपैकी एकाने तार लावली आणि उद्या माणूस मेला, तर पोलीस सातबारा काढतात आणि त्यावर पहिलं नाव तुमचं दिसतं. बाकड्यावर त्याला बसवतील हे खरं, पण कोर्टाची तारीख तुम्हालाही येईल, पुण्याहून.

पाडव्याला मी येतो. ज्यांचे पैसे द्यायचे त्या दोघांकडे तर येतोच, बाकीच्यांकडेही आमच्यातलं कुणी ना कुणी येईल. पाचशेचा स्टॅम्पपेपर मी आणतो, खर्च माझा. नोंदणी करायची असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एक दिवस द्या, तोही खर्च आपण अर्धा-अर्धा करू. त्यात लिहिलेलं असेल की अकरा महिने हे वावर अमुक अमुक करतो, पीक त्याचं, पिकाच्या नुकसानीची भरपाई त्याची, मालकी पूर्णपणे मालकाची, कूळहक्काचा दावा नाही. वकिलाला दाखवा, शब्द बदलायचे तर बदला. ज्यांना सही नकोच असेल त्यांनी भरपाईचे पैसे खात्यात आल्यावर पाठवून द्यावेत. गेल्या वर्षीचे राहिलेत तेही. आणि ज्या वर्षी रोह्यांनी वावर बसवलं त्या वर्षी ठोक्यात काय सूट द्यायची ते समोरासमोर बसून ठरवू.

जीपमध्ये त्या रात्री कोण होतं, ते मी विचारणार नाही. तीन पाइपांचे पैसेही मागत नाही. पुढच्या वेळी कुणी फोन करून म्हणालं, "तुमच्या शेतात रात्री एक चक्कर मारू का," तर वनखात्याच्या साहेबांना जे सांगितलं तेच त्यालाही सांगा. शेत ठोक्याने दिलेलं आहे, तिथे रात्री काय चालतं ते त्यालाच विचारा. माझा नंबर द्या. मी 'नाही' म्हणेन, आणि ऐकलं नाही तर लगेच वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन लावीन.

तुमचाच,
तुमच्या सहा एकरांत जागल करणारा